शालेय स्पर्धांच्या हंगामात मोठ्यांनी टाळाव्यात अशा चुका

जुलै उजाडला की कोल्हापुरातील शाळांना स्पर्धांचे वेध लागतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुला-मुलींचे सामने पावसाळ्यापासून थेट थंडीपर्यंत चालू राहतात. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या या गावात रगीला मोठा मान आहे. ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या पोराला ‘काय होत न्हाई, खेळ’ असे उत्तर मिळते आणि ते देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. तरीही हंगामातील बरेचसे टाळता येण्याजोगे नुकसान याच उत्तरापासून सुरू होते, असे माझे मत आहे. म्हणूनच पुढे नोंदवलेल्या चुका मुलांच्या नाहीत. त्या प्रशिक्षक, पालक आणि मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या जाणत्या मंडळींच्या आहेत.

न तपासता आणलेला दाखला

मूल समोर नसताना सही-शिक्क्यानिशी मिळालेला वैद्यकीय दाखला फाइलीची गरज भागवतो, मुलाची नाही. खरी तपासणी स्टेथोस्कोप लावण्याआधी प्रश्नांनी सुरू होते. धावताना कधी चक्कर येऊन पडला होता का, छातीत दुखले होते का, बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागते का, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक दगावले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला होईपर्यंत मुलाला मैदानाबाहेर ठेवावे. ऐन धावण्याच्या भरात आलेली भोवळ उपाशीपोटी आली असेल असे म्हणून सोडून देऊ नये. दमा असलेल्या मुलाचा पंप वर्गातील दप्तरात न राहता शिक्षकांच्या हाताशी असावा.

मुलींच्या बाबतीत ‘हिला दमच नाही’ हा शेरा फार स्वस्तात मारला जातो. दम लवकर लागण्यामागे पुष्कळदा रक्तातील लोहाची कमतरता असते, म्हणून हंगामाआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरातून घरी आणि घरातून कचऱ्यात जात नाही ना, याकडेही लक्ष हवे. ही गोळी जेवणानंतर घ्यावी, मात्र चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही.

वजनगटासाठी उपाशी ठेवणे

कुस्तीच्या वजनाच्या दिवशी पहाटे दिसणारे चित्र कोल्हापूरकरांना नवे नाही. आदल्या दुपारपासून पोटात काही नसलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा अंगात दोन स्वेटर घालून फेऱ्या मारतो, घशाला कोरड पडलेली असतानाही थुंकत राहतो आणि काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम कमी भरले की सोबतची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. एका रात्रीत उतरते ते शरीरातील पाणी. त्याबरोबर रक्ताचे आकारमान घटते, मूत्रपिंडांवर ताण येतो, घाम येण्याची क्षमता कमी होते आणि असा मल्ल आखाड्यात उतरतो तो निम्म्या ताकदीने. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच खटाटोपात मरण पावले; त्यानंतर तेथे वजन उतरवण्यासाठी रबरी सूट आणि सौना (घाम काढणारी गरम खोली) वापरण्यावर बंदी आली. ती तर वयात आलेली तरुण मुले होती. वाढीच्या वयातल्या मुलाचे वजन वाढणारच, ते वाढायलाच हवे. तेव्हा वरच्या गटात खेळवून एखादी कुस्ती हरलेली परवडते.

सामन्याच्या सकाळचे खाणे आणि पाणी

राधानगरी किंवा गगनबावड्याकडून पहाटे निघालेला संघ शहरात पोहोचला की पहिला थांबा मिसळीचा असतो. मिसळीविषयी तक्रार करण्याची कोणा कोल्हापूरकराची प्राज्ञा नाही; पण तेल आणि तिखट पोटात रेंगाळते, म्हणून ती सामना झाल्यावर खावी. सामन्याच्या दोन-तीन तास आधी चपाती-भाजी, पोहे किंवा उपमा आणि मैदानावर उतरण्यापूर्वी थोडा वेळ आधी एखादे केळे पुरेसे होते. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाचे महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, परंतु न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू पोटात जाऊ शकतात. उकळल्याने दुधातली ताकद जात नाही, त्यामुळे मुलांना तापवलेलेच दूध द्यावे.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे प्यायला लावावे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची असते. ग्लासभर पाण्यात आख्खी पुडी ओतणे घातक ठरू शकते. घरी करायचे झाल्यास लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. कॅफिन असलेली एनर्जी ड्रिंक्स मुलांना देऊच नयेत. ऑक्टोबरच्या उन्हात एखादे मूल असंबद्ध बोलू लागले किंवा झोकांड्या खाऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करून वाहन येईपर्यंत मुलाला सावलीत घ्यावे, जादा कपडे काढावेत आणि अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

मुरगळलेला पाय ओढून ‘बसवणे’

सर्वांत जास्त हात या चुकीसाठी पुढे येतात. मूल लंगडत बाहेर आले की कोणीतरी त्याची टाच तळव्यात धरते, कोमट तेल चोळते आणि हिसका देते. ‘कट्’ असा आवाज आला की ‘बसला बघ’ म्हणून सगळे समाधानी होतात. मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चा, म्हणजे हाड वाढवणारा मऊ थर, असते आणि ती सांध्याच्या अस्थिबंधांपेक्षा (लिगामेंट) कच्ची असते. त्यामुळे ज्या धक्क्याने मोठ्या माणसाचा अस्थिबंध नुसता ताणला जाईल, त्याच धक्क्याने मुलाचे हाड या कूर्चेतून निखळू शकते. अशा ठिकाणी हिसका दिला तर पुढे हाडाची वाढ खुंटण्याचा किंवा ते वाकडे वाढण्याचा धोका राहतो.

करायचे ते साधे आहे. खेळ थांबवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा आणि पहिले दोन दिवस शेक किंवा मालिश करू नये. चार पावले टाकता येत नसतील किंवा हाडावरच बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नये. बांबूच्या कामट्या किंवा लेप लावून आवळलेल्या पट्टीखाली बोटे गार, निळसर किंवा बधिर पडली, तर पट्टी तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे. तेथे काही तासांचा उशीरही पायावर बेततो.

टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर तो वाढीच्या वयातील अतिताणाचा परिणाम असू शकतो. त्यावर उपाय सराव कमी करण्याचा आहे. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच.

डोक्याला मार लागल्यावर पुन्हा मैदानात

फुटबॉलच्या वेडाच्या या शहरात ही चूक विशेष जपून टाळायला हवी. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, असे नसते आणि दोन बोटे दाखवून ‘किती?’ विचारणे ही तपासणी नव्हे. डोके दुखणे, मळमळ, प्रकाश सहन न होणे, गोल कोणी केला ते न आठवणे, एरवी बडबडे मूल गप्प होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशीचा खेळ संपला. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका किंवा जाग न येणारी गुंगी असेल, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. एरवी दोन दिवस विश्रांती, मग शाळा, मग हलके चालणे-धावणे आणि शेवटी डॉक्टरांच्या संमतीने सामना, हा क्रम मोडू नये.

कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मूळ न घासता, वरच्या भागाला धरून दुधात ठेवावा आणि तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. खरचटलेल्या जागी माती, चुना किंवा हळद न भरता ती वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. धनुर्वात-घटसर्पाची दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची लस घेतली आहे का, हे कार्डावर पाहावे. तालमीतला गजकर्णाचा चट्टा झाकून लढवल्यास तो आठवडाभरात सगळ्या जोडीदारांच्या अंगावर दिसतो.

संघाची निवड होते त्याच दिवशी, मुलाला खेळातून बाहेर काढण्याचा शब्द कोणाचा चालेल, हेही ठरवून टाकावे. तो प्रशिक्षकाचा नसावा, कारण त्याचे लक्ष गुणफलकावर असते. पालकांचे फोन क्रमांक, मुलांच्या ॲलर्जी आणि वाहनाची सोय ठाऊक असलेल्या एका शिक्षकाकडे किंवा शिक्षिकेकडे हा अधिकार लेखी द्यावा आणि अंतिम सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांतही तो कोणी डावलू नये.