घरचे स्पीकर पारखताना या चुका टाळा

बेळगावात शहापुरातल्या जुन्या घराचा कौलारू सोपा आणि टिळकवाडीतल्या अपार्टमेंटचा स्लॅबखालचा हॉल, यांत एकच स्पीकर ओळखू न येण्याइतका वेगळा वाजतो. "निपाणीच्या मित्राकडे भारी वाजत होता" एवढ्यावर जोडी उचलली की घरी पस्तावायची वेळ येते. मग एकजण माईकनं मोजलेला आलेख पुढे करतो, दुसरा म्हणतो मला कान आहेत. चूक बहुतेकदा दोघांचीही सारखीच असते: दोन जोड्या बदलताना स्पीकर सोडून आणखीही काहीतरी बदललेलं असतं, आणि खापर स्पीकरवर फुटतं.

आवाज समान न करता तुलना

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. एखादी जोडी एका डेसिबलनं मोठी असली तर कान तिला "मोठी" म्हणत नाही. "मोकळी", "भरीव", "जिवंत" असं काहीतरी म्हणतो. व्हॉल्यूम एकाच आकड्यावर ठेवला म्हणजे आवाज समान झाला, असं नाही. प्रत्येक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच व्होल्टवर तो किती मोठा वाजतो ते, वेगळी असते.

ऐकायच्या जागी, बसल्यावर कान येतो त्या उंचीला मोबाईल स्टँडवर ठेवा. ५०० ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा असलेला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावा, एका वेळी एकच स्पीकर. मीटर ॲपवर ७५ च्या आसपास आकडा आणा, मग दुसऱ्या जोडीलाही तोच. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत हवा. मोबाईलचा आकडा खरा असेलच असं नाही, पण इथे फक्त फरक बघायचाय. पूर्ण पट्ट्याचा नॉइज नको, त्यात खोलीचं घुमणं मिसळतं. ॲम्प्लिफायरवरचे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, नाहीतर चहा येईपर्यंत विसरतात.

खोक्यावरच्या सेन्सिटिव्हिटीतही एक मेख आहे. ती बरेचदा २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजलेली असते. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढे व्होल्ट म्हणजे १ वॅट, ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट. दोन्हींवर ८७ डेसिबल छापलेलं असलं तरी ४ ओहमवाला दुप्पट वॅट खातो. ॲम्प्लिफायर लहान असेल तर हे आधी बघा.

खर्ज (बेस) नाही म्हणून स्पीकर बदलणं

समजा हॉल दहा बाय सोळा फुटांचा आहे. सोळा फूट म्हणजे ४.८८ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, म्हणून या लांबीत खोली पहिल्यांदा ३५ हर्ट्झला घुमते आणि दुसऱ्यांदा ७० च्या आसपास. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची. सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले त्या जिल्ह्यात तंबोरा कानाला ओळखीचा असणारच, तेव्हा परीक्षेला तोच घ्या. मागच्या भिंतीला डोकं टेकून ऐका: खर्ज छातीत भरतो. खुर्ची पुढे सरकवा, डोकं भिंतीपासून चार फुटांवर येऊ द्या: तीच तार जवळजवळ गायब, जोड आणि पंचम या बाकीच्या तारा मात्र तशाच. स्पीकरला हातही लावलेला नाही.

म्हणून भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलेला म्हणतो "बेस जास्त", खुर्चीवरचा म्हणतो "बेसच नाही", आणि दोघंही खरं बोलत असतात. खुर्ची फूट-दीड फूट हलवून बघा, चांगली जागा सापडली की चारही पायांना फरशीवर चिकटपट्टी लावा. माईकनं मोजतानाही एकाच बिंदूवर विसंबू नका. डोक्याच्या आजूबाजूला वीतभर अंतरावर चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

आवाज असा गायब होण्याचा दुसरा खड्डा स्पीकरच्या मागच्या भिंतीमुळे पडतो. वूफर (खर्ज वाजवणारा मोठा पडदा) भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असला तर मागून परतणारा आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला खोडतो. इथे लोक वायर बदलतात, ॲम्प्लिफायर बदलतात. आधी स्पीकर २० सेंटिमीटर पुढे ओढून पुन्हा मोजा. खड्डा सरकला तर दोष भिंतीचा. तिथेच राहिला तर स्पीकरकडे बघा.

भिंतीवर वाकळ टांगणं हा घरोघरचा उपाय. टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट तिनं जातो, खाली जमखाना असला तर आणखी. पण एवढ्या जाडीचं कापड खर्जाला अडवत नाही, त्यामुळे घुमणं तसंच राहतं आणि वरून आवाज मंद होतो.

माईकच्या चुका

रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि यूमिक-१ सारखा यूएसबी माईक घरच्या कामाला पुरतो. त्याच्या कॅलिब्रेशनच्या (माईकची स्वतःची चूक वजा करणाऱ्या) दोन फायली असतात: माईक स्पीकरकडे रोखला तर शून्य अंशाची, छताकडे उभा केला तर नव्वद अंशाची. फाईल उलटी लावली की ट्वीटरचा (बारीक, उंच आवाज वाजवणाऱ्या छोट्या पडद्याचा) पट्टा काही डेसिबलनं चुकतो आणि बिचारा स्पीकर बदनाम होतो.

खोली टाळून स्पीकर एकटा मोजायचा तर मापाची वेळ कापावी लागते, म्हणजे उसळलेला आवाज पोचायच्या आधीचाच भाग धरायचा. स्पीकर आणि माईक दोन्ही १ मीटर उंचीवर, मधलं अंतर १ मीटर, असं असेल तर फरशीवरून उसळलेला आवाज थेट आवाजानंतर ३.६ मिलिसेकंदांनी येतो. त्याच्या आधी कापलं तर साधारण २८० हर्ट्झच्या खालचं काही खरं धरता येत नाही. दोन्ही दीड मीटरवर चढवले तर ही मर्यादा १६० पर्यंत उतरते, फक्त बाजूच्या भिंती आणि कपाटंही तेवढी लांब हवीत. उघडं अंगण किंवा गच्ची असेल तर उत्तम. पावसाळ्यात कौलांवर सरी कोसळत असताना मोजायला बसू नका, आणि गणपतीच्या दिवसांत माईक डब्यातच राहू द्या.

काही लक्षणं आणि त्यांची कारणं. एकेक स्पीकर ठीक, दोन्ही मिळून बेस गायब: एकाची प्लस-मायनस उलटी आहे. वायर ॲम्प्लिफायरकडून काढून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर वूफर बाहेर येतो. (ट्वीटर सुटा असेल तर त्याला सेल लावू नका.) आलेखाच्या वरच्या पट्ट्यात कंगव्यासारखे दात: समोरचा टीपॉय हलवा. दोन-तीन हजार हर्ट्झपाशी खोल दरी: माईक ट्वीटरच्या उंचीला आहे का ते बघा. स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) चालू असताना मधेच खरखर: शोकेसची काच किंवा पत्र्याचं कपाट.

आलेख चुकीचा वाचणं

आधी उभी पट्टी बघा. १०० डेसिबलच्या पट्टीवर कुठलाही स्पीकर सपाट दिसतो; ५० ची घ्या. मग स्मूदिंग, म्हणजे रेघ किती गुळगुळीत केली आहे, ते बघा. आणि समोरून मोजलेली एकच रेघ पुरत नाही. सीटीए-२०३४ या स्पीकर मोजायच्या प्रमाण पद्धतीत आडव्या-उभ्या दिशांना दहा-दहा अंशांवर मिळून ७० मापं घेतात ती याचसाठी, कारण घरात भिंतींवरून येणाराही आवाज आपण ऐकतो. बाजूच्या रेघा हळूहळू, एकसारख्या उतरत असतील तर चांगलं लक्षण. समोर सपाट आणि बाजूला मधेच फुगवटा असेल तर चकचकीत भिंतींच्या हॉलमध्ये तो कानाला टोचेल.

ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये अशा मापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधला. ७० स्पीकरांवर अंदाज आणि न बघता दिलेले गुण यांचा सहसंबंध ०.८६ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). म्हणजे माप आणि आवड एकमेकांच्या वैरी नाहीत. त्यांच्या सूत्रात सुमारे ३० टक्के वजन खर्ज किती खाली जातो याला आहे, हेही ध्यानात ठेवा. एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत तेवढा खर्ज मावेलच असं नाही.

बघून ऐकणं

किंमत माहीत असली, लाकडी पॉलिश दिसत असलं की कान वाकतो. जाणकारांचाही. पातळ सुती पडदा लावा. दोन्ही जोड्यांना तोच, म्हणजे कापडाचा परिणाम सारखा. बदलणारा माणूस वेगळा हवा आणि त्यानं तोंड बंद ठेवायचं. दोन्ही जोड्यांतला एकेकच स्पीकर शेजारी-शेजारी ठेवा, मोनोत दोष लवकर कळतात. तुकडा २०-३० सेकंदांचा: तंबोरा, तबल्याच्या बायाची (डग्ग्याची) मींड, एक बोलणारा आवाज.

दहा फेऱ्या करा, पाचनंतर दोघांच्या जागा बदला. पसंती स्पीकरबरोबर न जाता जागेबरोबर राहिली तर तुम्ही कोपरा निवडलाय. दहापैकी सातदा एकच आवडला म्हणून नाचू नका. नाणं उडवलं तरी सात किंवा जास्त वेळा छापा येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. नऊपर्यंत गेलं तर ती १ टक्क्याच्या आसपास उतरते.

इतकं करूनही माप चांगलं असलेला स्पीकर कानाला तिखट लागला तर लगेच परत करू नका. इक्वलायझरनं २००० हर्ट्झच्या वरचा भाग २ डेसिबल खाली घ्या, आवाज पुन्हा समान करा आणि चार दिवस तसंच ऐका. तिखटपणा गेला तर तो तुमच्या आवडीचा भाग होता, एका सेटिंगवर भागलं. मधला फुगवटा बाजूच्या रेघांत असेल तर मात्र इक्वलायझर हात टेकतो: बाजूचा खाली आणला की समोरचा खड्ड्यात जातो. ती जोडी दुकानात परत जाऊ द्या, फरशीवरची चिकटपट्टी काढू नका, पुढची जोडी तिथेच मांडायची आहे.