ट्रकच्या डिझेलमध्ये पाणी आलं तर काय करावं

पावसाळाभर शेताच्या कडेला किंवा वखारीमागं उभे असलेले जुने ट्रक दिवाळीच्या सुमारास उसाला बाहेर पडतात, आणि पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच त्यातले काही रस्त्यात बसतात. आमचीही एक टाटा १६१३ अशीच कोल्हापूरजवळच्या वाघबीळच्या चढाला बसली होती. वखारीतून निघताना ठणठणीत, सपाटीला ठणठणीत. चढाला लागली तसे झटके द्यायला लागली, मागं पांढरा धूर आणि मग बंद. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, पंप गेला." पंप म्हणजे इंजिनला दाबानं डिझेल पुरवणारा भाग. मी तो उतरवायच्याच तयारीत होतो. उद्यमनगरातल्या मिस्त्रींना फोन लावला तर ते म्हणाले, "पंप ऱ्हाऊ दे. टाकीचा तळ कधी बघितलाईस?" तळाचा प्लग काढला आणि तीन-चार लिटर गढूळ पाणी बाहेर आलं. पंपाला काही झालं नव्हतं.

गाडी सपाटीला का चालली आणि चढाला का बसली, ते समजलं की अर्धं काम झालं. डिझेल लिटरला साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरतं, पाणी किलोभर. म्हणून पाणी टाकीच्या तळाशी बसतं. डिझेल ओढणारी नळी तळापासून जरा वर असते, त्यामुळं पाणी थोडं असेपर्यंत गाडी कुरकुर करत नाही. चढाला टाकी कलली की तेच पाणी एका बाजूला गोळा होतं आणि नळीच्या तोंडाशी येतं. फिल्टर बदलून दोन दिवस बरं वाटतं आणि परत तीच रड, याचंही कारण हेच. फिल्टर नवा आला तरी पाणी टाकीतच असतं.

पुढचं सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या गाडीत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, तिचे पाइप घरी ढिले करायचे नाहीत.

आधी सेल्फ मारणं थांबवा. बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारत राहणं ही आपल्याकडची सवयच. पण पंपाच्या आतल्या प्लंजरला (दट्ट्याला) वंगण डिझेलचंच मिळतं. त्याच्या जागी पाणी गेलं की धातू धातूवर घासतो. पाण्याचा थेंब इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तापलेल्या नोझलच्या टोकाशी गेला की त्याची वाफ होते आणि टोकाची नासाडी होते. चार वेळा सेल्फ मारून गाडी सुरू झाली तरी ती फायद्यात पडेलच असं नाही.

मग खात्री करा. गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवा, जमल्यास टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग सखल बाजूला येईल अशी. सकाळी गाडी न हलवता प्लग हळूच ढिला करून पहिलं अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत धरा आणि पंधरा-वीस मिनिटं बाटली हलवू नका. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. डिझेल नुसतंच धुरकट दिसत असेल किंवा बाटलीत सगळं एकसारखंच दिसत असेल, तर जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाका. तो पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही. पाणी नसेल तर पूड तळाशी कोरडीच पडून राहते. बाटलीत सगळं पाणीच आलं, तर रंग टाकल्याबरोबर ते रंगून जाईल. हे आमच्या क्लिनरनं शोधलं. तो आधी आचाऱ्याच्या हाताखाली होता.

झटके देणारी प्रत्येक गाडी पाणी प्यायलेली नसते, एवढं लक्षात असू द्या. पांढरा धूर आहे आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग बघा. धूर नाही, पण भरलेली गाडी ओढत नाही, तर फिल्टर तुंबलेला असू शकतो. एअर धरली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा अडकली असेल तर फिल्टरचा स्क्रू उघडल्यावर फेस येईल, बाटलीत मात्र थर दिसणार नाही.

पाणी निघालं तर टाकी रिकामी करा. बिडी-काडी लांब, बॅटरीची वायर काढलेली. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पण त्याच्या फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते त्याची, मानकातली किमान मर्यादा ३५ अंश आहे, आणि एप्रिलच्या दुपारी आपल्याकडं पारा त्याच्या वर जातो. ड्रेनमधून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. काळपट, शेंबडासारखा गाळ आला तर नुसतं पाणी काढून भागणार नाही. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, हा त्यांचा पसारा. अशा वेळी टाकी उतरवायची, आतून डिझेलनंच खळखळून धुवायची आणि ओढणाऱ्या नळीची जाळी साफ करायची. टाकी पाण्यानं धुणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावायचं मनातही आणू नका. आत राहिलेल्या वाफांनी ती फुटते.

टाकी रिकामी आहे तोवर पाणी आलं कुठून ते शोधा. बहुतेक जण टाकीला घाम सुटतो म्हणतात. अर्धी रिकामी टाकी चार महिने पावसाळी हवेत उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं, हे खरं. पण माझ्या पाहण्यात जास्त वेळा दोषी निघालं ते झाकण. त्याचं रबरी वायसर कडक होऊन चिरतं आणि वर साचलेलं पावसाचं पाणी थेंब थेंब आत जातं. आमच्या गाडीचं वायसर नखानं तुटत होतं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा झाकणावर मारला तरी पाणी जातं. वखारीत डिझेलचं बॅरल उभं ठेवत असाल तर त्याच्या वरच्या खोलगट भागात पाणी साचतं आणि बुचातून आत झिरपतं. बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं डिझेलच्या पातळीखाली राहतील असं.

डिझेल भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला असेल तर पेट्रोल पंपावर जाऊन घनता तपासून मागा, तो गिऱ्हाईकाचा हक्क आहे. जमिनीतल्या टाकीतलं पाणी बघायला त्यांच्याकडं रंग बदलणारी पेस्ट असते, तीही लावून दाखवायला सांगा. पावती आणि बाटलीतला नमुना जपून ठेवा.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला महामार्गावरच पाणी आलं होतं, तसल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तिला सरळ टोचन करून न्या.

आता फिल्टर. जुन्या टाटाला शेजारी शेजारी दोन असतात, पहिला जाड, दुसरा कागदी. दोन्ही बदला, वाट्या पुसून कोरड्या करा. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाजवळची बारीक जाळी विसरू नका, ती सगळेच विसरतात.

टाकीत स्वच्छ डिझेल भरलं की एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू दोन-तीन आटे ढिला करा आणि हँड पंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार. धार आली की हात न थांबवता स्क्रू आवळा. तसंच मुख्य डिझेल पंपावरच्या स्क्रूला करा. मग नोझलकडच्या दोन पाइपांचे नट १७ किंवा १९ च्या पान्यानं ढिले करून सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती, नाहीतर स्टार्टर जळेल. नटातून डिझेल पिचकारायला लागलं की आवळा. इथं बोट लावून बघायचं नाही. जुन्या इंजिनातसुद्धा नोझल उघडायचा दाब सुमारे २०० बार असतो, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसपट. ती धार कातडीतून आत शिरते. बाहेर सुईचं टोचल्यासारखं दिसतं, पण लगेच डॉक्टर गाठावा लागतो.

गाडी सुरू झाली की दहा मिनिटं न रेमटवता चालू द्या. मिसिंग राहिलं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर इंजिन चालू ठेवून, चिंधी धरून, एकेका नोझलचा नट थोडा ढिला करून लगेच आवळा. ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिनच्या आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. त्याचं नोझल काढून टेस्टिंगला द्या. पंप उतरवायचा तो त्यानंतर. पण पंपात पाणी गेलंय अशी शंका असेल तर गाडी तशीच उभी टाकू नका. आठ दिवसांत आत गंज धरतो. स्वच्छ डिझेल त्यातून फिरलंच पाहिजे.

बाटल्यांत, बादलीत निघालेलं डिझेल रात्रभर ठेवून वरचं अलगद काढून घ्या, पार्ट धुवायला येतं. परत टाकीत ओतू नका. खालचं पाणी गटारात न सोडता काळ्या ऑइलच्या डब्यात जमा करा. पन्नास किलोमीटर झाल्यावर फिल्टरच्या वाटीचा तळ सोडून बघा, दोनशेला पुन्हा. दुसऱ्या वेळी पाण्याचा एक थेंबही निघाला नाही की मगच गाडी उसाच्या रांगेला लावा.