लॅपटॉप घरी ठेवून: तीन यंत्रांवर पाऊण तासाचा सेट

लॅपटॉपशिवाय इलेक्ट्रॉनिक संगीत सादर करायचे ठरवले की माणूस बहुधा आधी खरेदीला निघतो. ती खरेदी थोडी लांबणीवर टाकावी. आधी कागद घ्यावा आणि मंचावर ऐन वेळी कोणते निर्णय आपण घेणार आहोत ते लिहून काढावे: ठेका कधी थांबवायचा, बासचा फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग) किती उघडायचा, एखादी स्वराकृती किती वेळ घोळवायची, पुढच्या रचनेकडे कधी वळायचे. उरलेले सर्व घरी ठरवून यंत्रांत साठवायचे असते. बंदिश पाठ असावी आणि बढत मैफलीत व्हावी, तशीच ही विभागणी आहे. ज्यांनी बंदिशही मंचावरच रचायचे ठरवले त्यांची पहिली वीस मिनिटे किकचा, म्हणजे ठेक्यातल्या खर्जाच्या ठोक्याचा, मनाजोगता आवाज शोधण्यात जातात, आणि ज्यांनी बढतही घरीच करून आणली त्यांना मंचावर मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही.

यंत्रे किती घ्यावीत

तीन पुरतात. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा त्यांच्यापुढे रोलंडची तीनच यंत्रे होती: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हा बास सिंथेसायझर आणि जुपिटर-८ हा कीबोर्ड. ठेका, बास आणि सुरावट ही वाटणी आजही तितकीच उपयोगी आहे, फक्त तिन्ही यंत्रांना एकत्र हाकणारा सिक्वेन्सर (ठरवलेले स्वर व ठोके क्रमाने वाजवणारा भाग) आता ठेक्याच्याच यंत्रात मिळतो. उदाहरणार्थ, इलेक्ट्रॉनच्या २०१७ सालच्या डिजिटॅक्टमध्ये ध्वनीचे आठ ट्रॅक आहेत आणि बाहेरच्या यंत्रांना स्वर पाठवण्यासाठी मिडीचे (यंत्रांनी एकमेकांना संदेश देण्याच्या सामाईक पद्धतीचे) आठ ट्रॅक आहेत. अकाईच्या एमपीसी मालिकेतील यंत्रेही हे काम चोख करतात. त्याच्या जोडीला एकस्वरी बास सिंथेसायझर (कॉर्गचा व्होल्का बासही चालतो), एक बहुस्वरी सिंथेसायझर आणि निदान एक ऑक्स सेंड (आवाजाचा हवा तितका भाग वेगळ्या वाटेने बाहेर पाठवण्याची सोय) असलेला छोटा ॲनालॉग मिक्सर घेतला की मांडणी पूर्ण होते. डिले (पुन्हा पुन्हा उमटणारा प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (दालनातल्यासारखा घुमारा) हे परिणाम त्या सेंडवर लावावेत, म्हणजे कोणताही आवाज हवा तेव्हा आणि हवा तितका त्यांत सोडता येतो.

एकाच यंत्रावरही सेट होतो, आणि नवख्याने खरे तर तेथूनच सुरुवात करावी. मॉड्युलर सिंथेसायझर मात्र पहिल्या वर्षी मंचावर नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यातील केबलींची जुळणी साठवून ठेवता येत नाही आणि एका रचनेतून दुसरीत जाताना ती अंधारात हाताने बदलावी लागते.

घड्याळ एकाचेच

जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून मिडीचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्या मिडीचा वेग आजही सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच आहे आणि मंचावरील कामासाठी तो पुरेसा आहे. त्यातील क्लॉक म्हणजे प्रत्येक ठोक्याला चोवीस वेळा पाठवला जाणारा सूक्ष्म इशारा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सेकंदाला असे ४८ इशारे जातात, आणि ऐकणारे यंत्र त्यांच्यावरून आपली लय ठरवते. ते पाठवणारे यंत्र एकच असावे. बाकी प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये क्लॉक घेणे चालू आणि क्लॉक पाठवणे बंद करावे, मुख्य यंत्रावर याच्या नेमके उलट करावे, आणि हे सेटिंग यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकते आहे याची खात्री करून घ्यावी. माझ्या पहिल्या कार्यक्रमात सिंथेसायझरची मिडी आउट केबल मी कसल्याशा सोयीसाठी सिक्वेन्सरला परत जोडली होती आणि दोन्हीकडे क्लॉक पाठवणे व घेणे चालूच राहिले होते. लय अशी लडखडू लागली की श्रोत्यांनी तो नवा प्रयोग समजून टाळ्या वाजवल्या, आणि मला त्या टाळ्यांची आजही लाज वाटते.

दोनांहून अधिक यंत्रे जोडताना एकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी लांब साखळी करण्यापेक्षा मिडी थ्रू बॉक्स घ्यावा, म्हणजे मुख्य यंत्राचा इशारा सर्वांना एकदमच पोहोचतो. प्रत्येक यंत्राला वेगळा मिडी चॅनल द्यावा. एकूण सोळा चॅनल असल्यामुळे येथे काटकसरीचे कारण नाही. स्वराचा एक संदेश जायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे एकाच केबलवर एकाच क्षणी दहा-बारा स्वर आणि फिल्टरची हालचाल लादली की किंचित विलंब कानाला जाणवू लागतो. तशा वेळी फिल्टर सिक्वेन्सरकडून न फिरवता स्वतःच्या हाताने फिरवावा, आणि तेच अधिक चांगले दिसते.

लहान यंत्रांवर मिडीसाठी साडेतीन मिलिमीटरची जॅक असते आणि तिची अंतर्गत जोडणी ए व बी अशा दोन प्रकारांची आढळते. २०१८ पासून ए हा प्रकार प्रमाण मानला गेला असला, तरी जुनी यंत्रे बी प्रकारची असू शकतात आणि चुकीचा अडॅप्टर लावल्यास यंत्र फक्त गप्प बसते. व्होल्काची सिंक जॅक ही त्याहून वेगळीच गोष्ट आहे. तिच्यातून मिडी जात नाही, ठोक्याला दोन विद्युत्-स्पंद जातात, त्यामुळे समोरच्या यंत्रावरही तोच आकडा निवडावा लागतो. तो चुकला तर बास दुप्पट किंवा निम्म्या लयीत धावतो.

वीज आणि घरघर

प्रत्येक अडॅप्टरवर यंत्राचे नाव लिहिलेली चिकटपट्टी लावावी. नऊ व्होल्टचे दोन अडॅप्टर दिसायला सारखे असले तरी एकाच्या मध्यभागी धन अग्र असते आणि दुसऱ्याच्या ऋण. गिटारच्या पेडलना बहुधा मध्यभागी ऋण लागते, तर व्होल्काला धन. अदलाबदल झाली तर यंत्र निकामी होऊ शकते.

ध्वनियंत्रणेला जोडल्यावर ५० हर्ट्झची घरघर ऐकू आली, तर तिचे कारण बहुतेकदा ग्राउंड लूप हे असते: तुमची यंत्रे आणि स्पीकरची यंत्रणा वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज व अर्थिंग घेत असतात आणि ध्वनीची केबल त्या दोन्हींमधला तिसरा मार्ग बनते. शक्य असल्यास सर्व काही एकाच विद्युतवाहिनीवर घ्यावे आणि मिक्सरच्या आउटवर ग्राउंड लिफ्टची (फक्त ध्वनीच्या केबलमधला अर्थचा दुवा तोडण्याची) सोय असलेला डीआय बॉक्स (ध्वनी लांब केबलसाठी संतुलित करून देणारी पेटी) लावावा. त्याने असंतुलित केबलचा दुसरा प्रश्नही सुटतो, कारण साध्या जॅकची केबल पाच-सहा मीटरहून लांब नेली की ती बाहेरचा गोंगाट ओढू लागते. प्लगची अर्थिंगची पिन काढून घरघर घालवण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो जिवावर बेतू शकतो आणि कितीही घाई असली तरी मानू नये.

सेटची बांधणी

१२० च्या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन दोन सेकंदांचे होते, म्हणजे पाऊण तासात १,३५० आवर्तने भरतात. हा आकडा सुरुवातीला धडकी भरवतो, पण त्याने एक गोष्ट लगेच कळते. डिजिटॅक्टवरचा चौसष्ट पायऱ्यांचा (एका ठोक्यात चार पायऱ्या) सर्वांत लांब पॅटर्न, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा आराखडा, तोही आठ सेकंदांत संपतो, त्यामुळे नवनवे पॅटर्न रचून हा वेळ भरता येणार नाही. तो भरायचा असतो एकाच पॅटर्नमधले आवाज काढून घेऊन आणि परत आणून. सहा किंवा सात रचना तयार कराव्यात, प्रत्येकीला एक मुख्य पॅटर्न आणि फार तर दोन उपपॅटर्न द्यावेत, आणि मुख्य पॅटर्न सर्व ट्रॅक एकत्र वाजत असताना भरगच्च वाटेल असा बांधावा. मग मंचावर तो क्वचितच पूर्ण वाजवायचा.

म्यूट करण्याच्या, म्हणजे आवाज बंद करण्याच्या, दोन जागा आहेत आणि त्यांचा परिणाम वेगळा होतो. सिक्वेन्सरवर ट्रॅक म्यूट केला तर पुढचे ठोके थांबतात पण आधीच्या स्वराची शेपटी पूर्ण वाजते. मिक्सरवर म्यूट केले तर आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो. किक काढताना मी पहिली जागा वापरतो, आणि झांजा एका ठोक्यापुरत्या गडप करायच्या असतील तर दुसरी. बास आणि किक एकाच वेळी परत आणू नयेत. आधी किक येऊ द्यावी, चार आवर्तने श्रोत्यांना बासची वाट पाहू द्यावी, आणि मग तो सोडावा.

पायऱ्यांची संख्या ट्रॅकगणिक वेगळी ठेवता आली तर थोड्या सामग्रीतून पुष्कळ विविधता मिळते, आणि तालाचा संस्कार असलेल्या आपल्या कानांना हे अवघड जाऊ नये. ठेका सोळा पायऱ्यांचा आणि सुरावट सात पायऱ्यांची ठेवली, तर दोघांची सम ११२ पायऱ्यांनी, म्हणजे १२० च्या लयीत चौदा सेकंदांनी एकत्र येते. दहा पायऱ्यांची सुरावट असेल तर ऐंशी पायऱ्यांनी, दहा सेकंदांनी. ती सम येण्याआधी ठेका काढून घेऊन नेमक्या समेवर परत आणला, की त्याचा सुखद धक्का तालाचा हिशेब न ठेवणाऱ्यालाही बसतो. यासाठी मनात मोजायची सवय लावावी लागते. पडद्यावरच्या आकड्यांवर विसंबू नये.

इलेक्ट्रॉनच्या यंत्रांत पॅटर्नची तात्पुरती स्थिती साठवून क्षणार्धात तिच्याकडे परतता येते, आणि डिजिटॅक्टवर ट्रॅकचे बटण दाबून धरून एखादा नॉब फिरवला की सर्व ट्रॅकचा तो गुणधर्म एकदम बदलतो. या दोन्हींची जोडी करावी: आठ आवर्तने सगळे आवाज हळूहळू विस्कटत न्यावेत आणि समेवर एका बटणाने मूळ स्थितीत आणावेत. तुमच्या यंत्रात अशी सोय नसेल, तर ज्या नॉबला हात लावणार आहात त्यांच्या मूळ जागेवर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवावा.

एका रचनेतून दुसरीत जाणे हा नवख्याच्या सेटमधला सर्वांत कच्चा दुवा असतो. बहुतेक यंत्रांत नवा पॅटर्न चालू पॅटर्न संपल्यावरच लागतो, म्हणून बटण आधीच दाबून ठेवावे लागते. सर्व यंत्रांचे पॅटर्न एकदम बदलू नयेत. जुन्या रचनेची सुरावट चालू ठेवून खाली ठेका बदलावा, किंवा ठेका तोच ठेवून वरचे स्वर बदलावेत. लागोपाठच्या दोन रचनांचा आधारस्वर एकच किंवा एकमेकांचा पंचम असेल तर हे सहज जमते. काहीच न जमल्यास शेवटचा स्वर डिलेमध्ये सोडून त्याची पुनरावृत्ती वाढवावी आणि त्या घुमाऱ्याच्या आडोशाला काम उरकावे. प्रत्येक पॅटर्नमधील किकची पातळी मात्र घरीच सारखी करून ठेवायची असते. हे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

तालीम आणि प्रत्यक्ष दिवस

तालीम उभ्याने करावी. घरचे मेज साधारण ७५ सेंटिमीटर उंचीचे असते आणि त्यावर वाकून पाऊण तास काढला की पाठ बोलू लागते. आयोजकाकडे ९० सेंटिमीटरच्या आसपासचे मेज मागावे. प्रत्येक तालीम हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी चालताना ऐकावी. वाजवताना जे चार आवर्तनांचे वाटते ते ऐकताना बहुधा फार लवकर बदललेले निघते.

महाराष्ट्रात काय किंवा गोव्यात काय, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यावर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंधन आहे. त्यामुळे मोकळ्या जागेतला सेट अनेकदा सूर्यास्ताच्या वेळी पदरात पडतो, आणि तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून मांडलेल्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर काहीही वाचता येत नाही. यासाठी सगळा सेट किमान एकदा पडद्याकडे न पाहता, केवळ बटणांच्या स्पर्शाने वाजवून पाहावा.

ध्वनिचाचणीत फक्त किक आणि बास ऐकवावेत, कारण हेडफोनवर न कळलेले दोष तेथेच सापडतात. मिक्सरच्या मीटरवर शून्याखाली दहा-बारा डेसिबल मोकळे ठेवावेत, म्हणजे सेट रंगात आल्यावर हात वर जायला जागा राहते. खालचे स्वर डावी-उजवीकडे वाटू नयेत. अनेक ठिकाणी यंत्रणा मोनोच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारी, असते. एका रिकाम्या चॅनलवर फोन किंवा रेकॉर्डर जोडून त्यात ठेक्याविना चालणारा पाच मिनिटांचा ध्वनी तयार ठेवावा. यंत्र अडकले तर त्या चॅनलचा फेडर (आवाजाची सरकती कळ) वर करून ते शांतपणे पुन्हा सुरू करता येते.

तुमच्या आधी डीजे वाजवत असेल तर त्याच्या लयीला लय जुळवण्याचा अट्टहास करू नये. ठेका नसलेल्या एखाद्या लांब स्वराने सुरुवात करावी, त्याची शेवटची तबकडी विरू द्यावी आणि मग स्वतःच्या लयीत यावे. शेवट करताना शेवटच्या किकनंतर डिलेची शेपटी पूर्ण विरेपर्यंत हात यंत्रांपासून दूर ठेवावेत, मास्टर फेडर खाली आणावा, ध्वनितंत्रज्ञाला खूण करावी आणि त्याने तुमचा चॅनल बंद केल्यावरच पहिली केबल उपटावी.