शिकागोतील शिल्पे आणि भित्तिचित्रे दोन दिवसांत कशी पाहावीत

मिशिगन सरोवराच्या काठावरचे शिकागो हे मुळात बंदराचे शहर आहे. १८४८ साली कालवा खणून सरोवराचे पाणी मिसिसिपी नदीच्या जलमार्गाशी जोडले गेले आणि धान्य, लाकूड व माणसे यांची ये-जा वाढत जाऊन हे शहर मोठे झाले. अमेरिकेतील मुलाबाळांकडे जाणारे अनेक मराठी वाचक येथे एक-दोन दिवस काढतात. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद ज्या इमारतीत बोलले, ती मिशिगन अव्हेन्यूवरची आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू ते आवर्जून पाहतात आणि दाराशी १८९४ पासून उभ्या असलेल्या कांस्य सिंहांसमोर छायाचित्र काढून परततात. त्याच रस्त्यापासून सुरू होणारी आणि तिकीट न काढता पाहता येणारी कला पद्धतशीर कशी पाहावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

आधीची तयारी

मे ते ऑक्टोबर हे महिने निवडावेत, कारण हिवाळ्यात सरोवरावरून येणारा वारा अर्धा तासही उघड्यावर उभे राहू देत नाही. पायांत चालण्याचे बूट आणि जवळ पाण्याची बाटली असावी. ‘एल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरी रेल्वेचा दिवसभराचा पासही काढून ठेवावा. पहिला दिवस मध्यवर्ती भागातील शिल्पांसाठी आणि दुसरा वस्तीतील भित्तिचित्रांसाठी ठेवावा. वेळ एकाच दिवसाचा असेल, तर माझ्या मते भित्तिचित्रांना झुकते माप द्यावे. पोलादी शिल्पे पुढच्या खेपेलाही बहुधा जागेवर सापडतील. भिंतीवरच्या रंगाची तशी खात्री देता येत नाही.

पहिला दिवस: एक फेरी, पायी

सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी, मिलेनियम पार्कमधील ‘क्लाउड गेट’पाशी पोहोचावे. १९५४ साली मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांची ही निर्मिती ३३ फूट उंच आणि ६६ फूट लांब असून तिचे वजन सुमारे ११० टन आहे. शिकागोकर तिला ‘बीन’ म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात. लांबून पाहून समाधान मानू नये. प्रथम सुमारे पन्नास पावले दूर उभे राहून तिच्यात उमटलेले आकाश आणि इमारतींची वाकलेली रांग पाहावी, मग हळूहळू जवळ जावे आणि शेवटी कमानीखाली शिरून वर पाहावे. तेथील खोलगट पृष्ठभागात आपलीच प्रतिमा अनेक होऊन ताणली जाते. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून हा आकार घडवला आहे, हे लक्षात ठेवून सांधा शोधून पाहावा. २००६ मध्ये काम पूर्ण होईपर्यंत सांधे इतके घासले गेले की तो डोळ्यांना सापडत नाही. जवळच हाउमे प्लेन्सा यांचे ‘क्राउन फाउंटन’ आहे. त्याच्या ५० फुटी दोन मनोऱ्यांवर सामान्य नागरिकांचे चेहरे उमटतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या तोंडातून पाण्याची धार सुटते. मुले बरोबर असतील तर कपड्यांचा एक जोड जास्तीचा घ्यावा.

तेथून नैऋत्येकडे चालत डिअरबॉर्न आणि अ‍ॅडम्स या रस्त्यांच्या चौकात यावे. अलेक्झांडर काल्डर यांचे ‘फ्लेमिंगो’ हे ५३ फुटी लालभडक शिल्प १९७४ पासून तेथे आहे. वास्तुरचनाकार मीस व्हान डर रोह यांच्या काळ्या, काटकोनी इमारतींमध्ये ही वळणदार कमान कशी उठून दिसते, हे समजण्यासाठी तिच्या पायांमधून आरपार चालून जावे. पुढे उत्तरेकडे, मन्रो रस्त्यापाशी, चित्रकार मार्क शागाल यांचे ‘फोर सीझन्स’ हे ७० फूट लांबीचे मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, आहे. ते चारही बाजूंनी सजलेले असल्यामुळे त्याला पूर्ण फेरी घालावी. शागाल १९७४ मध्ये शिकागोला आले तेव्हा शहराच्या इमारतींची क्षितिजरेषा बदलली होती, म्हणून त्यांनी मोझेकमधील क्षितिजरेषा सुधारली आणि शिकागोच्या विटांचे तुकडेही त्यात बसवले.

याच रस्त्याने वॉशिंग्टन रस्त्यापर्यंत गेल्यावर पिकासो यांचे ५० फुटी, १६२ टनांचे शिल्प समोर येते. येथे घाई करू नये. पिकासो यांनी त्याला नाव दिले नाही आणि एक लाख डॉलरचे मानधनही नाकारले. त्यात कोणाला स्त्रीचे मुख दिसते, तर कोणाला कुत्र्याचे. बाजूने पाहत गेल्यास दोन्ही मते पटतात. त्याचा तांबूस रंग गंजाचा आहे. कॉर्टेन पोलादावर एकदा बसलेला गंजाचा थर आतील धातूचे रक्षण करतो आणि मागची इमारतही त्याच पोलादाने मढवलेली आहे. १५ ऑगस्ट १९६७ रोजी झालेल्या अनावरणात ग्वेंडोलिन ब्रूक्स या कवयित्रीने आपली कविता वाचली. हे नाव लक्षात ठेवावे. रस्त्याच्या पलीकडे, दोन इमारतींच्या बेचक्यात स्पॅनिश कलावंत मिरो यांची १९८१ ची स्त्रीप्रतिमा आहे. लक्ष दिले नाही तर ती हमखास चुकते.

आता वॉशिंग्टन रस्त्याने पूर्वेकडे परतून कल्चरल सेंटरच्या मागच्या गार्लंड कोर्ट या गल्लीत शिरावे. केरी जेम्स मार्शल यांनी २०१७ मध्ये रचलेले १३२ फूट रुंद आणि १०० फूट उंच भित्तिचित्र तेथे आहे. शहराचे सांस्कृतिक जीवन घडवणाऱ्या वीस स्त्रियांचे चेहरे त्यात झाडांच्या बुंध्यांवर कोरल्यासारखे दाखवले आहेत आणि त्यांत ब्रूक्सही आहेत. गल्ली अरुंद असल्याने मान वर करून, तुकड्यातुकड्यांनी पाहावे लागते.

दुसरा दिवस: वस्तीच्या भिंती

पिकासोचे शिल्प उभे राहिले त्याच १९६७ च्या उन्हाळ्यात, शहराच्या दक्षिण भागात ४३वा रस्ता आणि लँग्ली अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर कृष्णवर्णीय कलावंतांनी एका जुन्या इमारतीवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. सरकारी निमंत्रण नव्हते, मानधन नव्हते. आपल्या वस्तीने आपल्या थोर माणसांना भिंतीवर मान दिला होता. तिच्यासाठीही ब्रूक्स यांनी कविता लिहिली. १९७१ च्या आगीनंतर ती इमारत पाडण्यात आली, परंतु अमेरिकेतील वस्त्यांमधील भित्तिचित्रांच्या चळवळीची सुरुवात याच भिंतीपासून मानली जाते. ही भिंत आज पाहता येत नाही, तरीही पुढची चित्रे समजण्यासाठी तिची माहिती आवश्यक आहे.

प्रत्यक्ष फेरीसाठी ‘एल’च्या पिंक लाइन या मार्गाने पिल्सनमधील १८व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावे. या स्थानकाच्या भिंती आणि जिनेही चित्रांनी भरलेले आहेत. पिल्सन ही मेक्सिकन कुटुंबांची जुनी वस्ती आहे. प्रथम नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टमध्ये तासभर घालवावा. तेथे प्रवेश विनामूल्य असून सोमवारी संग्रहालय बंद असते. मेक्सिकोतील मृतांच्या सणातील सांगाडे, ग्वादालुपेची माता म्हणून पूजली जाणारी मेरी, शेतमजुरांचे लढे ही चित्रभाषा तेथे ओळखीची झाली, की बाहेरच्या भिंती वाचता येऊ लागतात. मग १६व्या रस्त्यावर जाऊन रेल्वेच्या उंच बांधाच्या कडेने चालत राहावे. अनेक चित्रकारांची कामे त्या भिंतीवर एकामागून एक येतात.

येथे काही पथ्ये पाळावीत. या भिंतींमागे लोक राहतात, म्हणून खिडक्या आणि अंगणे यांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि माणसांची घ्यायची असल्यास आधी विचारावे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यातील सही आणि वर्ष टिपून ठेवावे. २०१७ मध्ये याच वस्तीतील कासा अस्त्लान या जुन्या सामाजिक केंद्राची इमारत विकली गेल्यावर तिच्यावरचे प्रसिद्ध चित्र रंगाखाली झाकले गेले. लोकांनी जोरदार निषेध केला आणि मूळ चित्रकार रे पाटलान यांनी तेथे पुन्हा चित्र रंगवले. त्यामुळे आपण घेतलेले छायाचित्र एखाद्या भिंतीची शेवटची नोंदही ठरू शकते. ते पूर्ण भिंतीचे आणि समोरून घ्यावे.

संध्याकाळी लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, परतून ग्रीन किंवा ऑरेंज लाइनने रूझवेल्ट स्थानक गाठावे आणि सरोवराच्या दिशेने थोडे चालावे. ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला माग्दालेना अबाकानोविच यांच्या ‘अगोरा’मधील १०६ लोखंडी आकृत्या उभ्या आहेत. प्रत्येक आकृती सुमारे नऊ फूट उंच असून एकीलाही डोके किंवा हात नाहीत. त्यांच्यामधून चालावे आणि मागच्या बाजूने त्या पोकळ आहेत हे पाहावे. काही आकृत्या गर्दीपासून अलग होऊन निघाल्या आहेत, त्यांच्या मागोमाग जावे.