वाइन द्राक्ष: औषध कमी, कात्री वेळेवर

खाण्याच्या द्राक्षाची सवय हातातून गेल्याशिवाय वाइनची बाग जमत नाही. इथे मणी फुगवायचाच नाही, त्यामुळे जिब्रेलिक (मणी फुगवणारे संजीवक) नको आणि मण्यांची विरळणीही नको. शिराझ किंवा कॅबर्ने या लाल वाइनच्या वाणांचा मणी बारीकच बरा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो.

मराठवाड्यात खरी परीक्षा एप्रिलमध्ये. खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठीची उन्हाळी छाटणी) साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात घड तयार होतो आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते. ताण बसला की काड्या दिसतात चांगल्या, पण ऑक्टोबरात फुटतात वांझ, म्हणजे घडाविना. म्हणून आधी पाणी मोजा, मग क्षेत्र ठरवा. ८ × ४ फुटांवर एकरी १३६१ वेली बसतात. वेलीला दिवसाला १० लिटर धरले तरी रोज साडेतेरा हजार लिटर लागते. बोदावर (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा) उसाचे पाचट चार इंच अंथरा. ते कोरडे राहिले तर वाळवी लागते, म्हणून ड्रीपची नळी पाचटाखालून घ्या.

भारी काळ्या रानात डॉगरिज खुंट (ज्या मुळावर वाइनच्या वाणाचे कलम बांधतात तो) माजतो. पानांची गर्दी होते, सावलीत घड जिरतात आणि मग औषधाशिवाय इलाज उरत नाही. मध्यम, निचऱ्याची जमीन निवडली की निम्मे काम झाले. चुनखड रान मात्र टाळाच. तिथे लोहाअभावी शेंडे पिवळे पडतात. पावसाळ्यात दोन ओळींमध्ये ताग पेरा आणि फुलावर येताच कापून तिथेच पसरा.

फळछाटणीची (घडांसाठीची ऑक्टोबर छाटणी) घाई नको. पाच पानांपासून फुलोऱ्यापर्यंत केवडा हा बुरशीजन्य रोग सर्वांत घातक. परतीचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटले की बऱ्याच फवारण्या आपोआप वाचतात. फार लांबवले तर थंडीत डोळे मागेपुढे फुटतात.

छाटणीनंतर काडीवर एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा. मोरचूद चुन्यात ओता, उलट करू नका. विळ्याचे पाते बुडवून बघा. तांबूस झाले तर चुना कमी पडला. द्रावण त्याच दिवशी संपवा. कोवळ्या पानावर अर्धा टक्काच, नाहीतर पाने करपतात.

भुरी या बुरशीजन्य रोगाला पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पारा ३५ अंशांवर असताना मारू नका. काढणीआधी किमान महिनाभर गंधक बंद ठेवा. घडावर राहिले तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो घालवणे फार जिकिरीचे.

ओळी दक्षिणोत्तर असतील तर मणी ज्वारीएवढे झाल्यावर घडाजवळची पाने फक्त पूर्वेकडची काढा. पश्चिमेची काढली तर दुपारच्या उन्हात साल भाजते. काडीला एकच घड ठेवा, त्यावर १२ ते १५ पाने पुरतात.

काढणी रंगावरून ठरवू नका. लाल वाणाला २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) आणि ३.६ च्या आत सामू (pH, आंबटपणाचे माप) हवा. आपल्या उन्हात साखर लवकर चढते, आम्ल त्याहून लवकर उतरते. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत दर तीन दिवसांनी, ओळीच्या दोन्ही अंगांचे मिळून शंभरेक मणी पिळून तपासा. तोडणी पहाटे सुरू करा, ऊन तापण्याआधी क्रेट सावलीत न्या.