स्वीडनला जायचं की नाही? ऑफर स्वीकारायच्या आधी घरात बसून करायचा हिशोब

पुण्याला स्वीडन नवीन नाही. दापोडीची सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, अल्फा लावल, चिंचवडची एसकेएफ, सगळ्या मूळच्या स्वीडिश कंपन्या, त्यामुळे कितीतरी घरांत कुणीतरी काका-मामा ट्रेनिंगला तिकडे जाऊन आलेला असतो आणि तिथली शांतता, स्वच्छता, पाच वाजता घरी जाणारे साहेब हे सगळं त्याने रंगवून सांगितलेलं असतं. ते सगळं खरंच आहे. पण ट्रेनिंगला जाऊन येणं वेगळं आणि बिऱ्हाड हलवणं वेगळं. मी स्टॉकहोमजवळ राहतो, नवीन येणारी मराठी कुटुंबं बघतो, आणि मला ठामपणे वाटतं की हा निर्णय ज्याला ऑफर आलीये त्याच्याकडे बघून घ्यायचाच नाही, ज्याला नोकरी नसताना सोबत यायचंय त्याच्याकडे बघून घ्यायचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, आधी कागद आणि पैसा.

ऑफर आली की पहिला प्रश्न विचारा, ही बदली आहे की लोकल कॉन्ट्रॅक्ट? भारतातल्या कंपनीने पाठवलं असेल तर पगार, पीएफ, परत यायची वाट हे सगळं वेगळं असतं. भारत आणि स्वीडनमध्ये सोशल सिक्युरिटीचा करार आहे, २०१४ पासून लागू आहे, त्यामुळे ठराविक मुदतीच्या बदलीवर जाताना ईपीएफओचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (तुमचा पीएफ भारतात भरला जातोय याचा दाखला) घेतलं तर पीएफ भारतातच चालू राहतो आणि दोन्हीकडे कापलं जात नाही. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडशीही असे करार आहेत. लोकल कॉन्ट्रॅक्ट असेल तर तुम्ही पूर्णपणे तिथल्या सिस्टिममध्ये जाता, तिथला टॅक्स, तिथलं पेन्शन, आणि लांब राहायचं असेल तर हेच बरं.

वर्क परमिट मिग्रेशन्सव्हेर्केट, म्हणजे तिथलं स्थलांतर खातं, देतं. नोव्हेंबर २०२३ पासून पगाराची अट कडक झाली, तिथल्या मीडियन (म्हणजे सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येणाऱ्या) पगाराच्या ८० टक्के तरी पाहिजे असं ठरलं आणि जून २०२५ मध्ये तो आकडा महिन्याला २९,६८० क्रोनर झाला. हे आकडे बदलत राहतात आणि वरच जातायत, म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या साइटवर काय लिहिलंय तेच धरा, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचं धरू नका. आयटीवाल्यांना ही अट सहज पार होते पण पगाराइतकंच महत्त्वाचं म्हणजे विमे. परमिटसाठी कंपनीने आरोग्य, जीवन, कामावरचा अपघात असे विमे आणि पेन्शन भरायचं असतं आणि हे राहून गेल्यामुळे काही वर्षांनी परमिट वाढवताना लोकांना नकार आलेत, चूक कंपनीची आणि बॅगा भरायच्या तुम्ही. तेव्हा एचआरला मेलवर, तोंडी नाही, विचारा की तुमच्याकडे कामगार संघटनेबरोबरचा सामूहिक करार आहे का आणि हे विमे पहिल्या दिवसापासून सुरू होतात का. मोठ्या कंपन्यांत हे आपोआप होतं, छोट्या कन्सल्टन्सीत विचारावंच लागतं. हो, आणि पैसे घेऊन ऑफर लेटर आणून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तिथेच थांबा, पुढे एक अक्षर बोलू नका.

अजून एक, परमिट पहिली दोन वर्षं त्या कंपनीला आणि त्या कामाला बांधलेलं असतं. कंपनी बदलायची तर नवा अर्ज. नोकरी गेली तर साधारण तीन महिन्यांत दुसरी शोधायची नाहीतर परत. आणि पहिले सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशन असतं. म्हणून पुण्यातला फ्लॅट घाईघाईने विकू नका, भाड्याने द्या. तिथे गेल्यावर लगेच आ-कासा जॉइन करा, हा बेकारी विमा आहे, फी किरकोळ असते पण तो आपोआप मिळत नाही, स्वतः सभासद व्हावं लागतं, आणि नोकरी गेल्यावर जॉइन होऊन काही उपयोग नाही.

आता पैसा. सगळे जण पहिली चूक इथे करतात, क्रोनर गुणिले नऊ करून रुपयांत, लाखांत आकडा बघतात आणि हरखून जातात. असं नका करू. महिन्याला ५०,००० क्रोनर पगार धरा, स्टॉकहोममध्ये टॅक्स जाऊन हातात ३८-३९ हजार येतात. दोन खोल्या आणि किचन असं सेकंड हँड, म्हणजे दुसऱ्या भाडेकरूकडून किंवा मालकाकडून तात्पुरतं घेतलेलं, भाड्याचं घर १२ ते १८ हजार, मध्ये १५ धरू. दोघांचा किराणा-भाजी सहा-सात हजार, आणि तोही घरी स्वयंपाक केला तर. दोघांचे मेट्रो-बसचे पास मिळून दोन हजारांच्या वर. फोन, इंटरनेट, वीज, घराचा विमा, आ-कासा, युनियन मिळून दीड-दोन हजार. म्हणजे बारा-तेरा हजार उरले, त्यात थंडीचे कपडे, वर्षातून एकदा भारताची तिकिटं, कधीतरी बाहेर जेवण. भागतं, नीट भागतं, पण पुण्यात दोघं कमावत होतात आणि स्वतःच्या घरात राहत होतात तर शिल्लक वाढेल अशी आशा धरून जाऊ नका. ज्यांना पाच वर्षांत पैसे साठवून परत यायचंय त्यांना मी स्वीडन सुचवत नाही. ज्यांना संध्याकाळ मोकळी पाहिजे, मुलांबरोबर वेळ पाहिजे, वर्षाला किमान २५ दिवस सुट्टी आणि ती घेतली म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही असं ऑफिस पाहिजे, त्यांच्यासाठी हा सौदा चांगला आहे.

घराचं थोडं समजून घ्या. फर्स्ट हँड म्हणजे थेट मालक कंपनीकडून घेतलेलं कायमचं भाड्याचं घर, ते स्वस्त असतं पण त्याला रांग आहे, स्टॉकहोममध्ये बूस्टाड्सफर्मेडलिंगेन या घरं वाटणाऱ्या सरकारी संस्थेच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात नाव टाका, दरवर्षीची फी तेवढी भरत राहा, पाच-सात वर्षांनी उपयोगी पडेल. तोवर सेकंड हँड, म्हणजे दुसऱ्याचं घर सहा महिने-वर्षभर. इथे फसवणूक होते, घर न बघता भारतातून डिपॉझिट पाठवायचं नाही, कितीही घाई असली तरी. कंपनीकडून पहिले दोन-तीन महिने राहायची सोय मागून घ्या, पगारात थोडं कमी चालेल पण ही सोय पाहिजे.

आता मूळ मुद्दा. सोबत येणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला स्वीडनमध्ये काम करायची परवानगी मिळते, कागदावर हे फार छान दिसतं आणि लोक तेवढ्यावर निश्चिंत होतात. पण परवानगी मिळणं आणि काम मिळणं यात भाषा उभी आहे. सॉफ्टवेअर, काही इंजिनिअरिंग, रिसर्च सोडलं तर बाकी सगळीकडे स्वीडिश लागतं, बँकेत, शाळेत, दवाखान्यात, अकाउंट्समध्ये सुद्धा. आमच्या ओळखीत एक फिजिओथेरपिस्ट ताई आहेत, नाशिकला स्वतःचं क्लिनिक होतं, पेशंट वाट बघायचे. स्वीडनमध्ये फिजिओ हा परवाना लागणारा व्यवसाय आहे, डॉक्टर, नर्स, डेंटिस्ट सारखाच, सोशालस्टिरेल्सन या सरकारी आरोग्य खात्याकडून लायसन्स घ्यायचं, त्याआधी डिग्रीची तपासणी, परीक्षा आणि स्वीडिशची वरची लेव्हल. हे सगळं होतं, करणारे करतात, पण यात वर्षं जातात, महिने नाही. नवरा सकाळी साडेआठला ऑफिसला गेला की त्या एकट्या, डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेतीनला सूर्य मावळतो, शेजारी हसून हेइ म्हणतात आणि दार लावून घेतात, आणि गावाकडे फोन केला तर सगळे म्हणतात नशीबवान आहेस. त्या आता क्लासला जातात, हळूहळू सावरल्यात. पण निघायच्या आधी हे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं असं त्या स्वतःच म्हणतात.

म्हणून सोबत येणाऱ्याने, ज्याला ऑफर आलीये त्याने नाही, स्वतः बसून हे शोधायचं: माझ्या कामाच्या जाहिराती तिथल्या प्लात्सबांकेन या सरकारी साइटवर किती आहेत आणि त्यातल्या किती इंग्रजीत आहेत? माझी डिग्री चालते का? यूएचआर नावाची संस्था परदेशी डिग्रीचं मूल्यमापन फुकट करून देते, अर्ज भारतातूनही करता येतो, निघायच्या आधीच करून टाका. भारतातली नोकरी रिमोट चालणार असेल तर टॅक्सचं काय होईल हे दोन्ही बाजूंना विचारून ठेवा. आणि भाषा आजपासून सुरू करा, रोज अर्धा तास, मोबाइलवर. तिथे गेल्यावर एसएफआय म्हणजे परदेशी लोकांसाठीचे स्वीडिशचे क्लास फुकट असतात, पर्सनल नंबर (आपल्या आधारसारखा तिथला नंबर) आला की त्याच आठवड्यात नाव घालायचं. दोन वर्षं एका पगारावर आणि माझ्या हातात काम नसताना मला चालेल का, याचं उत्तर सोबत येणाऱ्याने द्यायचं, आणि ते नाही असेल तर ते नाही म्हणूनच ऐकायचं, समजूत घालत बसायचं नाही.

कागदपत्रांत आपल्याकडची एक खास अडचण आहे. लग्नाचं रजिस्ट्रेशन नगरपालिकेत झालंय का बघा, पत्रिका आणि फोटोवर काही होत नाही. त्या सर्टिफिकेटवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालावं म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लागतं, मुलांच्या जन्मदाखल्यावर पण. आणि नाव! लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर, लग्नानंतरचं सर्टिफिकेटवर, काही घरांत पहिलं नाव पण बदललेलं, आधार तिसरंच सांगतंय. हे सगळं भारतात असतानाच एकसारखं करून घ्या, तिथून करायचं म्हटलं की सहा-सहा महिने जातात. पासपोर्टात गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असेल तर स्वीडनमध्ये दोन्ही तुमचीच पहिली नावं म्हणून नोंदली जातात, मग दवाखान्यात बायकोला नवऱ्याच्या नावाने हाक मारतात. स्कात्तेव्हेर्केट या टॅक्स खात्यात (रहिवाशांची नोंदणी तेच करतं) नोंदणी करताना हाक मारायचं नाव कोणतं ते सांगता येतं, आठवणीने सांगा. या नोंदणीतूनच पर्सनल नंबर मिळतो, त्यासाठी किमान वर्षभर राहायचा बेत लागतो, आणि तो नंबर येईपर्यंत बँक, बँकआयडी (मोबाइलवरची ओळख, जवळपास सगळीकडे लागते), जिम, लायब्ररी सगळंच अडतं. त्या काळात चालेल इतका पैसा भारतीय कार्डावर ठेवा. ड्रायव्हिंग लायसन्स आपलं नोंदणीनंतर एक वर्षच चालतं, पुढे तिथलं काढायचं, ते महाग पडतं.

आजारी पडल्यावर काय? फॅमिली डॉक्टरकडे संध्याकाळी सहज जाऊन इंजेक्शन घ्यायची सवय सोडावी लागते. आधी ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन, मग व्होर्डसेंट्राल म्हणजे जवळचं आरोग्य केंद्र, साधा ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी प्या एवढंच सांगतात. गंभीर आजारात मात्र काळजी उत्तम घेतात आणि सरकारी दवाखान्यातल्या फीला वर्षाची एक मर्यादा आहे, दीड हजार क्रोनरच्या आतबाहेर, त्यापुढे उरलेल्या वर्षात फी नाही. दात मात्र मोठ्यांना महागात पडतात, निघायच्या आधी सगळे करून घ्या.

मुलं लहान असतील तर स्वीडनचं पारडं जड होतं. आई-बाप मिळून प्रत्येक मुलामागे ४८० दिवस पालक रजा, एक वर्षाच्या पुढे फर्स्कूला म्हणजे पाळणाघर-बालवाडी, त्याची फी सरकारने बांधून दिलेली, शाळा फुकट, शाळेतलं जेवण फुकट. मूल आजारी पडलं तर घरी थांबायचे पैसे सरकार देतं आणि बॉस काही बोलत नाही. आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, घरात रोज मराठी बोलत असाल आणि त्या नगरपालिकेत निदान पाच मुलांनी मागणी केली आणि योग्य शिक्षक मिळाला तर शाळेतून मराठी शिकवायची तरतूद आहे. चार-पाच घरांनी मिळून अर्ज करा, गणपतीत भेटता तेव्हाच याद्या करून टाका.

आई-वडिलांचं सगळ्यात अवघड. परमिटवर जोडीदार आणि मुलं येतात, आई-वडील नाहीत. ते व्हिजिटवर ९० दिवस येऊ शकतात, जास्त दिवसांच्या परमिटचा वेगळा अर्ज असतो, पण कायमचं आणणं जवळपास अशक्य आहे. एकुलते एक असाल, वडिलांचं डायलिसिस चालू असेल, तर हा मुद्दा शेवटी ठेवू नका, पहिल्या दिवशी भावंडांबरोबर बसा आणि कोण काय करणार, रात्री दवाखान्यात कोण नेणार, पैसे कोण घालणार हे स्पष्ट बोला.

शेजारच्या बाकी देशांचं थोडक्यात: डेन्मार्कमध्ये पगार चांगले पण कायमचं राहायला आणि नागरिकत्वाला सगळ्यात कडक, नॉर्वेत कायमचं परमिट तीन वर्षांनी मागता येतं पण भाषेशिवाय बरीच दारं बंद, फिनलंडने ऑक्टोबर २०२४ पासून नागरिकत्वाची मुदत पाचवरून आठ वर्षं केली आणि नोकऱ्यांची तिथे सध्या टंचाई आहे. स्वीडनही त्याच दिशेने चाललंय. पासपोर्टसाठी म्हणून जाऊ नका, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तिकडचा घेतला की इकडचा परत करायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं.

ऑफरला उत्तर द्यायला दोन आठवडे मागून घ्या, तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या दोन आठवड्यांत जमलं तर तिथे राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी व्हिडिओ कॉल करा आणि नोकरी करणाऱ्याशी पाच मिनिटं, घरी असणाऱ्याशी तासभर बोला. जॉइनिंगची तारीख निवडायची मुभा असेल तर एप्रिल किंवा ऑगस्ट मागा, नोव्हेंबर नको.