दिंडीत नव्याने सामील होताना

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि सुमारे २५० किलोमीटरची वाट पायी चालून आषाढी एकादशीपूर्वी पंढरपूरला पोहोचते. या वाटेवर एकट्याने चालणाऱ्यालाही अन्न आणि आसरा मिळतो. परंतु ज्याला या सोहळ्यातले एक होऊन चालायचे आहे, त्याने दिंडीतच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखीच्या वारकऱ्यामार्फत दिंडीप्रमुखांना आधी भेटावे, भिशी म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी भरावी आणि तंबू व सामानाच्या ट्रकची व्यवस्था समजून घ्यावी. हरिपाठ पाठ करून जाणे उत्तम, कारण सर्वांचा आवाज एका चालीत मिसळत असताना आपण गप्प चालत असलो, तर परकेपणा तिथेच जाणवतो.

दिंडीत पताका, टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि तुळस घेतलेल्या महिला यांच्या जागा ठरलेल्या असतात. नव्या माणसाने जाणत्या टाळकऱ्याच्या मागची जागा मागून घ्यावी, त्याची पावली पाहावी आणि छायाचित्रांसाठी रांग सोडून वारंवार बाहेर पडू नये. कोणी ‘माउली’ म्हणून पाया पडले, तर संकोच न करता आपणही त्याच्या पाया पडावे. इथे वय किंवा हुद्दा पाहण्याची रीत नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर पाय कितीही दुखत असले, तरी एखादे काम अंगावर घ्यावे. पाणी भरणे, पंगतीत वाढणे किंवा भांडी घासणे यांतून ओळख जितकी लवकर होते, तितकी गप्पांतून होत नाही. रोज तेच काम केले, की चौथ्या-पाचव्या मुक्कामी लोक आपल्याला त्या कामासाठी हाक मारू लागतात.

सर्व दिंड्या तळावर पालखीभोवती जमून करतात ती संध्याकाळची समाज आरती मात्र चुकवू नये. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावताच शेकडो टाळ एकाच वेळी थांबतात, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. एका माणसाची अडचणही पूर्ण दिंडी टाळ वाजवून मांडते, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. म्हणून आपले गाऱ्हाणे असल्यास ते इतरत्र कुरकुरत न बसता आधी दिंडीप्रमुखांच्या कानावर घालावे.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर, गावी परतण्यापूर्वी पुढच्या वर्षासाठी आपले नाव सांगून ठेवावे आणि दिंडीचे मासिक भजन कोठे होते, हे विचारून घ्यावे.